दोन खेळाडूंसाठी एक बोर्ड

गेल्या दिवाळीत घरी बांधलेल्या गेम मशीनसमोर माझे दोन भाचे प्रथमच एकत्र उभे राहिले आणि पाचच मिनिटांत त्यांचे भांडण जुंपले. डावीकडचा जॉयस्टिक हलवत होता, पण पडद्यावर धावत होता तो उजवीकडच्याचा पहिलवान. मशीन बंद करून पुन्हा सुरू केले की सारे सुरळीत व्हायचे आणि आणखी एकदा तसेच केले की पुन्हा उलटे. धाकट्याने त्यावर स्वतःपुरता उपाय काढला होता. मशीन सुरू झाले की आधी एक बटण दाबून पाहायचे आणि आपण कोण आहोत ते कळले की त्याप्रमाणे जागा बदलून उभे राहायचे. उपाय चालत होता, पण ज्याने मशीन बांधले होते त्याला तो पाहवत नव्हता.

मशीन म्हणजे सुताराकडून कापून घेतलेली १८ मिलिमीटर प्लायवुडची उभी पेटी, त्यात घरातला जुना टीव्ही, रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक आणि प्रत्येक खेळाडूची बटणे संगणकाला जोडणारा एकेक तयार यूएसबी एन्कोडर बोर्ड. दोन्ही एन्कोडर एकाच प्रकारचे असल्यामुळे ते संगणकाला आपली ओळख अगदी सारखीच सांगत, आणि त्यांच्यात अनुक्रमांक भरलेलाच नव्हता. रास्पबेरी पायवर चालणारी लिनक्स ही प्रणाली जो आधी ओळखेल त्याला पहिली जॉयस्टिक मानते आणि नंतरच्याला दुसरी. विजेचा प्रवाह सुरू झाल्यावर कोण आधी जागे होईल याचा भरवसा नसल्याने पहिला आणि दुसरा खेळाडू कोण, हे दर वेळी नव्याने ठरत होते.

प्रामाणिकपणे सांगायचे तर हा दोष दहा ओळींच्या फाइलनेही दूर झाला असता. कोणत्या यूएसबी पोर्टात काय लावले आहे ते पाहून नावे कायमची ठरवून देण्याची सोय लिनक्समध्ये आहे. परंतु पेटीचे मागचे दार उघडले की दोन बोर्ड, दोन यूएसबी केबल आणि बटणाबटणाला फिरलेल्या तारांचा जो गुंता दिसायचा, तो पाहून एकदा हे सगळे नीट, एकाच बोर्डावर आणावे असे मनात होतेच. भाच्यांच्या भांडणाने मला निमित्त पुरवले.

जुन्या पार्लरमधल्या मशीनमध्ये हा प्रश्न नव्हता. १९८५ च्या सुमारास जपानच्या गेम मशीन उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेल्या जामा जोडणीत ५६ जागा होत्या आणि कोणती तार कोठे येणार हे कायमचे पक्के होते. गेमचा बोर्ड बदलला तरी पेटीतल्या तारांना हात लावावा लागत नसे. ‘मुस्तफा’ या नावाने आपल्याकडे ओळखला जाणारा कॅपकॉमचा १९९३ चा खेळ आम्ही शाळेत असताना अशाच पेट्यांवर खेळलो. मला हवे होते ते तेच, म्हणजे डाव्या हाताची तार कायम डाव्याचीच.

आधी मोजदाद केली. प्रत्येक जॉयस्टिकच्या चार दिशा, म्हणजे दोघांच्या आठ. मारामारीच्या खेळांना सहा बटणे लागतात, म्हणून दोघांची बारा. प्रत्येकाचे एक स्टार्ट आणि एक कॉइन, म्हणजे आणखी चार. एकूण चोवीस. हा आकडा कागदावर आल्यावर चिपची निवड सोपी झाली, कारण एटीमेगा३२यू४ या चिपला बाहेर वापरता येतील अशा २६ पिना आहेत आणि यूएसबी तिच्यात जात्याच आहे. चोवीस पिना बटणांना, एक बूटच्या बटणाला आणि उरलेली एक दिव्याला, असा हिशेब नेमका बसला. पिना कमी असत्या तर कीबोर्डाप्रमाणे आडव्या-उभ्या ओळींची जाळी करावी लागली असती आणि तीन बटणे एकदम दाबल्यावर न दाबलेले चौथे भुतासारखे उमटू नये म्हणून प्रत्येक बटणाला डायोड लावावा लागला असता. येथे प्रत्येक बटणाला स्वतःची पिन मिळाली आणि ती कटकटच उरली नाही.

आरपी२०४० ही नवी, वेगवान चिप का घेतली नाही, असे एका मित्राने विचारले. कारण अगदी घरगुती होते. तिला बाहेर पाय नसतात, पॅड पोटाखाली असतात आणि दोन पॅडमधले अंतर अवघे ०.४ मिलिमीटर असते. एटीमेगाच्या चौकोनी रूपात प्रत्येक बाजूला अकरा असे ४४ पाय बाहेर आलेले असतात आणि त्यांच्यातले अंतर ०.८ मिलिमीटर असते. चाळिशी उलटलेल्या डोळ्यांना आणि साध्या सोल्डरिंग आयर्नला यातले काय झेपेल हे उघड होते.

दुसरा निर्णय हा की बोर्डाने स्वतःला कीबोर्ड म्हणवून घ्यायचे नाही. जुने खेळ चालवणारे मॅम हे सॉफ्टवेअर मुळात कीबोर्डावरच्या कळा गृहीत धरते, ५ म्हणजे कॉइन आणि १ म्हणजे स्टार्ट, त्यामुळे तो मोह होतो. पण यूएसबी कीबोर्डाच्या साध्या पद्धतीत कंट्रोल, शिफ्टसारख्या कळा सोडल्यास एका वेळी सहाच कळा कळवता येतात. दोन खेळाडू तिरपी दिशा धरून दोन-दोन बटणे दाबू लागले की आठ होतात, आणि मग कोणाचा तरी ठोसा हवेत विरतो.

बोर्ड आखण्याच्या कीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये स्किमॅटिक, म्हणजे जोडण्यांची आकृती, काढणे हा या कामातला सर्वांत शांत भाग होता. चिपच्या वीज घेणाऱ्या प्रत्येक व्हीसीसी पिनेला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, यूकॅप नावाच्या पिनेला १ मायक्रोफॅरडचा, यूएसबीच्या दोन्ही तारांवर २२ ओहमचा एकेक रेझिस्टर, १६ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना २२ पिकोफॅरड. माझ्या क्रिस्टलला १८ पिकोफॅरडचा भार हवा होता. बोर्डावर दोन कपॅसिटर एकामागोमाग आल्यासारखे धरले जातात, म्हणून त्यांचे ११, आणि ट्रॅक व पिनांचे आपसूक येणारे पाचेक धरून १६ झाले. तेवढा फरक अशा बोर्डाला चालतो. बटणांना मात्र मी बाहेरून पुल-अप रेझिस्टर, म्हणजे बटण दाबलेले नसताना तार पाच व्होल्टकडे ओढून धरणारे रेझिस्टर, लावले नाहीत, कारण चिपच्या आत ते असतातच. पुढे याची किंमत मोजावी लागली.

लेआउटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या प्रत्यक्ष मांडणीत, खरा विचार चिपचा नव्हे, तर कडांचा करावा लागला. बटणापाशी तारेला चपटी क्लिप लागणार होती, पण बोर्डापाशी स्क्रूचे टर्मिनल नको होते. हादऱ्यांनी स्क्रू सैल होतात, आणि पेटीत डोके घालून बत्तीच्या उजेडात चोवीस स्क्रू आवळण्याचा अनुभव ज्याने घेतला आहे तो दुसऱ्यांदा घेत नाही. म्हणून २.५ मिलिमीटर अंतराचे एक्सएच जातीचे प्लग घेतले. प्रत्येक बटणाला दोन पिनांचा प्लग, म्हणजे सिग्नल आणि ग्राउंड एकत्रच. जॉयस्टिकला पाच पिनांचा. दोन पिनांचा प्लग ७.४ मिलिमीटर जागा घेतो आणि पाच पिनांचा १४.९. आठ बटणे आणि एक जॉयस्टिक मिळून ७५ मिलिमीटरांच्या आत येतात, त्यामुळे १०० मिलिमीटरांची डावी कड पहिल्या खेळाडूला आणि तेवढीच उजवी कड दुसऱ्याला दिली. वरच्या कडेला यूएसबी, मध्यभागी चिप, खालचा सगळा थर ग्राउंडचा. यूएसबीचे दोन ट्रॅक शेजारीशेजारी आणि आखूड ठेवले. १२ मेगाबिटच्या वेगाला आणि तीन सेंटिमीटरांच्या वाटेला त्याहून अधिक सोवळे पाळण्याची गरज नव्हती.

एका गोष्टीत मात्र मी हौस भागवून घेतली. बोर्डावरची पांढरी अक्षरे मी देवनागरीत घेतली: ‘वर’, ‘खाली’, ‘डावी’, ‘उजवी’, ‘नाणे’. कीकॅडच्या सातव्या आवृत्तीपासून संगणकातले फाँट वापरता येतात, त्यामुळे हे शक्य झाले. रोमन अक्षरे एक मिलिमीटर उंचीची असली तरी वाचता येतात. आपल्या वेलांट्या आणि उकार त्या उंचीला एकमेकांत बुजतात. दोन मिलिमीटर उंची दिल्यावर ‘उजवी’ स्पष्ट उमटले.

डिप्लोमाच्या दिवसांत आम्ही बोर्ड घरीच करत असू. गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंट, त्यावर कडक इस्त्री, मग फेरिक क्लोराइडचे द्रावण आणि बाथरूमच्या फरशीवर कायमचे तपकिरी डाग. दोन्ही बाजूंच्या बोर्डाला आणि त्यातल्या शंभरेक व्हायांना, म्हणजे दोन्ही थर जोडणाऱ्या छिद्रांना, ते परवडणारे नव्हते, म्हणून कारखान्याला लागणाऱ्या आराखड्याच्या गर्बर फाइली तयार करून भोसरीच्या एका छोट्या कारखान्याकडे पाच बोर्डांची मागणी नोंदवली. पाठवण्यापूर्वी लेआउट कागदावर मूळ मापात छापला, तो थर्मोकोलवर चिकटवला आणि प्रत्यक्ष कनेक्टरचे पाय त्यात टोचून पाहिले. सर्व पाय आपापल्या ठिकाणी बसले. या कागदाने मापे तपासली, दिशा तपासली नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

बोर्ड आले ते निर्दोष होते. चिप बसवताना आधी दोन विरुद्ध कोपऱ्यांतले पाय टाचले, भिंगातून चारही बाजू पाहिल्या, भरपूर फ्लक्स लावला आणि आयर्नच्या टोकावर थोडे सोल्डर घेऊन ते एका बाजूने ओढत नेले. जेथे दोन पाय जोडले गेले तेथे तांब्याच्या विणलेल्या पट्टीने जादा सोल्डर शोषून घेतले. मल्टिमीटरने पाच व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात बीप वाजत नाही याची खात्री केल्यावरच केबल लावली. संगणकाच्या यादीत एटमेलचे नाव असलेली एक ओळ उमटली, म्हणजे चिपमध्ये कारखान्यातून येणारा बूटलोडर, म्हणजे नवे प्रोग्राम चढवू देणारा छोटा प्रोग्राम, जागा झाला होता.

पहिला प्रोग्राम अगदी साधा लिहिला: कोणतीही पिन ग्राउंडला टेकली की दिवा लागावा. तारेचा तुकडा घेऊन मी एकेका कनेक्टरला टेकवत गेलो. वीस ठिकाणी दिवा लागला, चार ठिकाणी नाही. चारही दुसऱ्या खेळाडूच्या बटणांच्या, शेजारीशेजारी. सोल्डर कच्चे राहिले असणार असे समजून ते पाय पुन्हा तापवले. दिवा नाही. मल्टिमीटर कनेक्टरपासून चिपच्या पायापर्यंत खणखणीत बीप देत होता. दुसऱ्या बोर्डावर नवी चिप चढवली. तेथेही तीच चार बटणे मुकी. दोन चिपा नेमक्या त्याच चार पायांनी बिघडणार नाहीत, एवढे कळायला मला एक संपूर्ण रविवार लागला.

त्या चार पिना एफ पोर्ट नावाच्या पिनांच्या गटातल्या ४ ते ७ क्रमांकाच्या होत्या. डेटाशीट, म्हणजे चिपचे माहितीपत्रक, पुन्हा उघडले तेव्हा दिसले की चिप कारखान्यातून बाहेर पडते ती जेटॅग सुरू ठेवून, आणि जेटॅग म्हणजे दोष शोधण्यासाठी असलेली जी जोडणी, ती याच चार पिना स्वतःकडे राखून ठेवते. ती बंद करण्यासाठी जेटीडी नावाचा एक बिट चिपच्या घड्याळाच्या चार ठोक्यांच्या आत दोनदा लिहावा लागतो. चुकून बंद होऊ नये म्हणून ही दोनदाची अट. एकच ओळ एकाखाली एक अशी दोनदा लिहिली आणि चारही बटणे बोलू लागली. याच चिपचा तयार लिओनार्डो बोर्ड वापरणाऱ्यांना हा अनुभव येत नाही, कारण तेथे जेटॅगची फ्यूज, म्हणजे चिपमधली कायम राहणारी सेटिंग, आधीच बदललेली असते. कोऱ्या चिपेचे डेटाशीट मात्र मुखपृष्ठापासून वाचावे लागते, आणि मी ते पिनांच्या आकृतीपासून वाचले होते.

यूएसबीचा भाग डीन कॅमेरा या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने लिहिलेल्या लुफा या लायब्ररीवर उभा केला. सुरुवातीला दोन्ही खेळाडूंची माहिती एकाच इंटरफेसमधून, फक्त वेगळ्या क्रमांकाने पाठवून पाहिली, तेव्हा रास्पबेरी पायला दोघांची मिळून एकच लांबलचक जॉयस्टिक दिसू लागली. मग एकाच उपकरणात दोन स्वतंत्र इंटरफेस केले, पहिला डाव्याचा आणि दुसरा उजव्याचा. उपकरण एकच असल्याने इंटरफेस नेहमी त्याच क्रमाने ओळखले जातात. मशीन वीस वेळा बंद-सुरू केले आणि वीसही वेळा डावा तो डावाच राहिला. मूळ दुखणे त्या रात्री संपले.

दुसऱ्या दिवशी बोर्ड पेटीत बसवला, सगळे प्लग लावले आणि डाव्या जॉयस्टिकचा दांडा हलवला. उजवीकडे ढकलला की पहिलवान उजवीकडे जात होता. डावीकडे ढकलला की काहीच नाही. वर नाही, खाली नाही. उजव्या जॉयस्टिकचेही तसेच. दोघेही फक्त उजवीकडे जाऊ शकत होते. त्याहून विचित्र असे की दांडा तिरपा, उजवीकडे आणि खाली धरला तर दोन्ही दिशा बरोबर येत होत्या. उजवीकडे आणि वर धरला तर उजवी आणि डावी एकदम येत होत्या.

या वेळी आयर्न हातात न घेता मी कागद घेतला. माझ्या बोर्डावर पाच पिनांचा क्रम असा होता: ग्राउंड, वर, खाली, डावी, उजवी. जॉयस्टिकच्या आत चार मायक्रोस्विच असतात आणि चौघांना मिळून एकच सामाईक तार असते. प्लग उलट्या क्रमाने आला असेल तर बोर्डाचे ग्राउंड जॉयस्टिकच्या ‘उजवी’ला आणि बोर्डाची ‘उजवी’ सामाईक तारेला जाते. मग दांडा उजवीकडे नेला की तो स्विच याच दोन तारा जोडतो आणि योगायोगाने उत्तर बरोबर येते. बाकीचे स्विच ज्या सामाईक तारेला जोडतात तिला ग्राउंडच मिळालेले नसते, म्हणून ते मुके. उजवा स्विच दाबलेला असला तरच ग्राउंड त्याच्यामार्गे सामाईक तारेत पोहोचते, आणि मग ‘वर’ची जागा ‘डावी’ने घेतलेली दिसते. ‘खाली’ मधोमध असल्याने उलटवूनही जागच्या जागी राहते, म्हणून ती तेवढी बरोबर. कोडे पूर्ण सुटले. कनेक्टरची आकृती ज्या बाजूने पाहून काढलेली होती ती खालची, आणि मी ती वरची समजून पिना मांडल्या होत्या. दोन पिनांच्या प्लगांत ही चूक दिसली नाही, कारण बटणाच्या दोन तारा कशाही लावल्या तरी चालतात.

एक्सएच प्लगमधल्या तारा काढता येतात. प्लास्टिकच्या खिडकीतून टाचणीने छोटी जीभ दाबली की क्लिपसकट तार मागे सरकते. दोन्ही प्लगांतल्या पाचही तारा काढून उलट्या क्रमाने घातल्या आणि संध्याकाळी भाचे चारही दिशांना पळू लागले.

उरला तो बटणांचा वेग. मायक्रोस्विचचा पत्रा टेकताना काही मिलिसेकंद थरथरतो, आणि तेवढ्यात एक दाबणे चिपला चार-पाच वेळा दाबल्यासारखे दिसते. ते स्थिर होईपर्यंत थांबावे तर उशीर होतो. पडद्यावरची एक चौकट १६.६७ मिलिसेकंदांची असते, त्यातले पाच-दहा आपणच खावेत हे मला पटत नव्हते. म्हणून पहिला स्पर्श होताच दाबल्याची नोंद करायची आणि नंतरचे पाच मिलिसेकंद त्या बटणाकडे पाहायचेच नाही, अशी उलटी पद्धत घेतली. संगणकाने विचारण्याचे अंतरही नमुन्यातल्या ५ मिलिसेकंदांवरून १ वर आणले. मग मोबाइलवर २४० चौकटींच्या वेगाने चित्रण करून बोर्डावरचा दिवा आणि पडद्यावरची हालचाल यांतले अंतर मोजले, तेव्हा बराचसा उशीर टीव्ही करत असल्याचे आढळले. टीव्हीच्या मेनूतला गेम मोड सुरू केल्याने जो फरक पडला तो माझ्या साऱ्या कारागिरीपेक्षा मोठा होता.

पण त्या घाईच्या पद्धतीची दुसरी बाजू लवकरच दिसली. खोलीतली चोकवाली ट्यूबलाइट लावली की मशीनमध्ये आपोआप नाणे पडू लागले. भाच्यांची याबद्दल तक्रार नव्हती. चिपच्या आतले पुल-अप २० ते ५० किलोओहमचे, म्हणजे बटणाच्या तारेला जेमतेम आधार देणारे. कॉइनच्या तारा सर्वांत लांब. आणि प्रोग्राम असा की क्षणभराचा धक्काही खरा मानणारा. झिरो पीसीबीच्या, म्हणजे नुसती छिद्रे असलेल्या तयार बोर्डाच्या, तुकड्यावर कॉइनच्या तारेला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावून पाहिला आणि ते फुकटचे नाणे थांबले.

त्यावरून बोर्डाची दुसरी आवृत्ती काढली. चोवीस सुटे रेझिस्टर लावण्याऐवजी नऊ पायांचे, एक पाय सर्वांना सामाईक असलेले रेझिस्टर नेटवर्क घेतले. एका पट्टीत आठ, म्हणून तीन पट्ट्यांत नेमके चोवीस. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने ‘कॉमनवाला ना?’ एवढेच विचारले आणि पुडी बांधली. बटण दाबल्यावर आता सुमारे एक मिलिअँपिअर प्रवाह वाहतो, जो लांब तारेवरच्या धक्क्याला पुरून उरतो. प्रोग्राममध्येही पाव मिलिसेकंदाच्या अंतराने सलग तीन वेळा तेच दिसले तरच नोंद करावी, एवढी सावधगिरी घातली. एक स्क्रूचे छिद्र केबलच्या आड येत होते ते सरकवले. आणि अर्थातच, जॉयस्टिकच्या दोन्ही कनेक्टरांचा क्रम सुधारला.

नवे बोर्ड आले, एकावर चिप चढवली, चोवीसच्या चोवीस जागी तारेचा तुकडा टेकवून पाहिला, दिवा प्रत्येक वेळी लागला. गणपतीच्या सुट्टीत भाचे आले तेव्हा त्यांच्यासमोरच जुना बोर्ड काढून नवा बसवला, ट्यूबलाइट तीनदा लावून दाखवली आणि नाणे पडत नाही हे सिद्ध केले. थोरल्याने दांडा हातात घेतला. पहिलवान उजवीकडे गेला, आणि फक्त उजवीकडेच गेला. तारा उलट्या केलेले प्लग मी तसेच ठेवले होते. धाकट्याने काही न बोलता टाचणी आणून दिली.